क्लचची स्प्रिंग म्हणजे नेमकी कुठली?

आमची एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, मोटरसायकलसारख्या हँडलाची चारचाकी, मार्चमध्ये उभ्या उभ्या चालायला लागली. मी भाटीपाशी, म्हणजे काजूची दारू गाळायच्या जागेपाशी, उतरलो, इंजिन चालूच ठेवलं, काजूच्या बोंडूंचे क्रेट काढायला मागे वळलो आणि गाडी आपली हळूच निघाली. समोर कोळंबी. खायची नव्हे, आमच्याकडे बोंडू तुडवून रस काढायच्या जागेला कोळंबी म्हणतात. तिच्या कडेला आई उभी होती. ती ओरडली, मी धावलो, हँडल पकडून ब्रेक आवळला. "तुझ्या गाडीला वाट पाठ झाली रे," आई म्हणाली, पण हसली नाही. हँडब्रेक न लावता उतरलो ही माझी चूक, ती कबूल. पण रेस न देता गाडी निघते म्हणजे काहीतरी बिघडलंय हेही खरं.

आमची बागायत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, केरीच्या अंगाला. वर भरडावर, म्हणजे कोरड्या उंच जमिनीवर काजू, खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी सुपारी आणि मिरी, आणि व्हाळापाशीच भाटी, कारण रस उकळायच्या भाणातून निघालेली वाफ गार करायला पाणी जवळ लागतं. मधली वाट चिऱ्याच्या कातळातली, एवढी अरुंद की पिकअप जात नाही. पूर्वी सगळं डोक्यावरून यायचं. आता डोक्यावरचं एटीव्हीच्या कॅरिअरवर गेलं. माल वरून खाली येतो आणि रिकामे क्रेट वर जातात. हे इथे एका ओळीत लिहिलं, पण स्प्रिंगच्या बाबतीत त्याचा अर्थ काय हे कळायला मला अख्खा हंगाम लागला.

गाडी सेकंडहँड. किनारपट्टीवरच्या एकाने पर्यटकांना फिरवायला घेतली होती. गोव्यात पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, गाड्या घालायला बंदी आहे, पण हिने वाळू नक्की बघितलेली आहे, चासीच्या सांदीकोपऱ्यांतून ती अजून निघते. नंबरप्लेट नाही, रस्त्यावर काढता येत नाही, वाळपईला न्यायची झाली तर पिकअपमध्ये चढवून. इंजिन १४९.६ सीसीचं जीवाय-६. मूळ रचना होंडाची, ती तैवानच्या किम्कोने पुढे नेली आणि मग चीनमधल्या कितीतरी कारखान्यांनी उचलली. थोडक्यात स्कूटरचं इंजिन, फक्त गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स घातलेला. त्यामुळे सुटे भाग मिळतात, आणि त्यामुळेच नको ते भागही सहज मिळतात.

पहिला संशय मी स्लोवर, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं त्यावर घेतला. स्लो जास्त असेल तर क्लच अर्धवट पकडतो आणि गाडी सरकते, हे कुठल्याही स्कूटरवाल्याला माहीत असतं. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा सोडला. सकाळी थंड इंजिन बंद पडायला लागलं, सरकणं मात्र होतं तसंच. मग दुसरी खूण ध्यानात आली. न्यूट्रलमधून रिव्हर्स टाकताना गेले आठ-दहा दिवस कडकड असा आवाज येत होता आणि मी तो गिअर म्हातारा झाला असेल म्हणून सोडून दिला होता. क्लच पूर्ण सुटलेला असला की गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट थांबलेला असतो आणि रिव्हर्स गपकन पडतो. कडकडतोय म्हणजे शाफ्ट फिरतोय.

वाळपईच्या मेस्तला, आमच्या मेकॅनिकला, फोन लावला. त्याचं निदान दोन शब्दांत: "क्लचाची स्प्रिंग." आणि वर, "तूच उघडून बघ, आता काजूत मला वेळ ना."

डाव्या बाजूचं लांब कव्हर ८च्या पान्याने सुटतं. बोल्ट सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगवेगळी असते. पुठ्ठ्याच्या खोक्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी भोसकून ठेवला. हे मेस्तकडून शिकलो, आणि या सगळ्या प्रकरणात मी पहिल्या फटक्यात बरोबर केलेली ही एकमेव गोष्ट. आत पुढे व्हेरिएटर, म्हणजे इंजिनाकडची पुली, मागे दुसरी पुली, दोघांमध्ये बेल्ट. पुल्यांच्या पाट्या जवळ-लांब होतात तसा बेल्ट वर-खाली सरकतो, तेच या गाडीचे गिअर. बेल्टवर ८४२-२०-३० छापलेलं: लांबी ८४२ मिलिमीटर, रुंदी २०, कडांचा कोन ३० अंश. क्लच बसतो मागच्या पुलीवर, आणि त्याच्यावर वाटीसारखा ड्रम पालथा घातलेला असतो.

क्लच म्हणजे तीन शू, ब्रेकसारखे घासणारे तुकडे. पुली फिरायला लागली की ते बाहेर फेकले जातात आणि ड्रमला आतून घासून त्याला सोबत फिरवतात. ड्रम फिरला की चाकं फिरली. शूंना आत ओढून धरायला तीन लहान स्प्रिंगा, एका शूमधून दुसऱ्यात अडकवलेल्या, करंगळीच्या दोन पेरांएवढ्या. माझ्या तिनातल्या एकीचा आकडाच तुटला होता. उरलेल्या दोघींवर गंज, वेटोळ्यांमध्ये फटी. पुळणीवरच्या खाऱ्या वाळूची ही देणगी. एक शू सैल पडलेला, त्यामुळे तो स्लोवरही ड्रमला टेकत होता. ड्रमच्या आतला पट्टा, जो राखाडी असायला हवा, तो निळसर झालेला. लोखंड तापलं की असं निळं होतं.

इथवर सगळं सोपं होतं. तीन स्प्रिंगा आणायच्या, घालायच्या. पण दुकानात गेलं की माणसाची हाव जागी होते.

चोर्ला घाटातून बेळगावला गेलो. दुसऱ्या कामाला जायचंच होतं, आणि स्कूटरच्या मालाला तिथे निवड मोठी. काउंटरवर म्हटलं, "जीवाय-६ची क्लच स्प्रिंग द्या."

"कुठली? हजार, पंधराशे, दोन हजार?"

मी गप्प. त्याने तीन पाकिटं टाकली. पांढरी, पिवळी, लाल. हा आकडा आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, जेवढा मोठा तेवढी स्प्रिंग कडक आणि तेवढा क्लच उशिरा पकडणार, असं त्याने सांगितलं.

"वापर कुठे तुमचा?"

"डोंगरावर. क्रेट वाहायचे."

"मग लालच घ्या साहेब. डोंगराला लाल. आणि ही मोठी पण घ्या, सेट येतो."

मोठी म्हणजे मनगटाएवढ्या जाड वेटोळ्यांची, लांबलचक स्प्रिंग. तीही लाल, तिच्यावरही २०००. तिलाही लोक क्लच स्प्रिंगच म्हणतात. हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. दोन वेगळ्या जागी बसणाऱ्या, दोन वेगळी कामं करणाऱ्या वस्तूंना एकच नाव, एकच रंग आणि एकच आकडा असेल तर थांबून विचारायचं असतं. मी पैसे दिले.

मोठी स्प्रिंग घालणं हे एकट्याचं काम नाही. ती मागच्या पुलीच्या दोन पाट्यांना एकमेकींवर दाबून धरते, आणि तिला जागेवर ठेवतो क्लचच्या मधोमध असलेला एक मोठा चपटा नट. तो नट सुटला की स्प्रिंग क्लचसकट तोंडावर उडू शकते. चुलतभावाकडची बॅटरीची इम्पॅक्ट गन मागून आणली. त्याने गुडघा आणि दोन्ही हातांनी क्लच खाली दाबून धरला, मी नट काढला, मग तो इंचाइंचाने वर उठला. जुनी तेवढ्यात निघाली. लाल घालताना मात्र त्याचं वजन पुरेना. तो जेवण झाल्यावर परत आला तेव्हा जमलं. पुढच्या वेळी मी लांब आट्यांची सळी, दोन नट आणि लाकडाच्या दोन फळ्या घेऊन शिकंजा केला आणि त्याला जेवायच्या आधीच सोडलं.

लहान तिघींना आकड्याने ओढून भोकात घालायला मी सायकलच्या जाड स्पोकला हूक वळवला. मूळ आकडे कुठल्या बाजूला तोंड करून होते याचा फोटो आधी काढला होता, म्हणून गोंधळ झाला नाही. ड्रम आतून १२०च्या पॉलिश पेपरने घासला, शूंवरची चकाकी उतरवली, सगळं ब्रेक क्लीनरने धुतलं. तेलाचा एक थेंब इथे चालत नाही, ग्रीस लागलेला हातही नाही.

एक जागा मात्र अशी आहे की ती न सांगता पुढे गेलो तर कोणाचं तरी नुकसान होईल. बेल्ट परत चढवताना तो मागच्या पुलीच्या पाट्या फाकवून आत खोल ढकलावा लागतो, म्हणजे पुढे व्हेरिएटरपाशी तो सैल राहतो. तसा सैल नसेल तर पुढची पाटी बेल्टवर अडते, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण पाटी शाफ्टच्या दात्यांवर पुरती बसलेलीच नसते. इंजिन सुरू केलं की दाते खाल्ले जातात. कडक मोठ्या स्प्रिंगने पाट्या फाकवणं भलतंच जड होतं. मी बेल्ट आत दाबून प्लास्टिकच्या पट्टीने दोन्ही बाजू एकत्र बांधल्या, पुढचा नट आवळला, मग पट्टी कापली आणि पुली हाताने फिरवत राहिलो, बेल्ट वर येऊन ताठ होईपर्यंत.

गाडी सुरू केली. सरकणं बंद. रिव्हर्स लोण्यासारखा. मी खूश.

वर जाताना पहिल्या चढणीलाच इंजिन किंचाळायला लागलं. आधी आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम हिसका. रिकाम्या क्रेटांसकट चढली, चांगली चढली, हे मान्य करायला हवं. पण वळणावर थांबून पुन्हा निघायचं म्हटलं की जळकट वास. जुन्या ब्रेकसारखा, थोडा जळक्या रबराचाही. खरी गंमत परत येताना. सहा क्रेट बोंडू पाठीमागे, उतार कोरड्या खडीचा. मी नेहमीसारखी रेस सोडली आणि इंजिनाने गाडी रोखून धरायची वाट बघत राहिलो. थोडं अंतर धरली, मग एकदम सुटली. जणू कोणी न्यूट्रल टाकला. इंजिन स्लोवर शांतपणे फटफटतंय आणि गाडी सायकलसारखी मोकळी पळतेय. दोन्ही ब्रेक दाबले, मागची चाकं खडीवर घसरली, एक क्रेट उलटला. बोंडू माझ्याआधी व्हाळात पोचले.

त्या रात्री बसून विचार केला तेव्हा कळलं की यात चूक गाडीची नव्हतीच. शूंना आत ओढणारी स्प्रिंग कडक, म्हणजे क्लच उशिरा पकडणार. पण तेवढाच तो लवकर सुटणारही. उतारावर वेग जरा कमी झाला की शू आत गेले, ड्रम मोकळा, इंजिन ब्रेकिंग संपलं. रेस लावून शर्यत मारणाऱ्याला याचं काही वाटत नाही, त्याला निघताना आरपीएम वर हवेत. मला हवी होती ती उलटी गोष्ट, हळू उतरतानाही धरून ठेवणारा क्लच. डोंगराला लाल म्हणणाऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांपुढे फक्त चढण होती. माझा माल उतरतो.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा एक स्वस्त आरपीएम मीटर मागवला. आणि सगळ्या स्प्रिंगा, जुन्या-नव्या, टेबलावर मांडल्या. पांढऱ्या आणि पिवळ्याही मागवून घेतल्या, कारण लाल परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. वापरलेला माल, त्याचंही बरोबर.

लहान स्प्रिंगांना मासळी तोलायच्या आकड्याच्या काट्याला लावून सारख्या अंतरापर्यंत ओढलं. मोठ्या स्प्रिंगा शिकंज्यासकट वजनकाट्यावर उभ्या करून सारख्या उंचीपर्यंत दाबल्या. नवी पांढरी मोठी जिथे २८ किलो दाखवते तिथे जुनी २३, पिवळी ३५ आणि लाल ४४. घरगुती मोजमाप आहे, या आकड्यांवर कोणी पूल बांधू नये. पण त्यातून दोन गोष्टी लख्ख दिसल्या. जुनी मोठी स्प्रिंग तुटलेली नव्हती, पण बसली होती. उभी केली तर नव्या पांढरीपेक्षा नखभर बुटकी. आणि पाकिटावरचा आकडा हा फक्त आपापसांत तुलना करायला. मीटरशी त्याचं सरळ गणित बसत नाही, बसणारही नाही, कारण क्लच मागच्या पुलीवर आहे आणि गाडी निघताना ती पुली इंजिनाच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरत असते. माझ्या गाडीत लाल लहान स्प्रिंगांनी क्लच पकडला ४२०० आरपीएमला, नव्या पांढऱ्यांनी २७०० ला. रंगांचंही तेच. माझ्या पाकिटात पिवळी म्हणजे पंधराशे होती. दुसऱ्या कंपनीच्या पाकिटात रंग वेगळे असू शकतात, तेव्हा रंग सांगून माल मागू नये.

मोठीचं काम वेगळं. निघण्याशी तिचा फारसा संबंध नाही. बेल्टला मागच्या पुलीत पकडून ठेवणं आणि भार आला की पुली लवकर खालच्या गिअरकडे आणणं, हे तिचं काम. मऊ असेल तर चढणीला गाडी वरच्याच गिअरमध्ये रेंगाळते आणि इंजिनाचा जीव जातो. फार कडक असेल तर सपाटीला वेग कमी, इंजिन उगाच ओरडतं, बेल्ट तापतो. लाल घातल्यावर कव्हरला हात लावता येत नव्हता. आणि माझ्या गाडीत आणखी एक भानगड मीच करून ठेवली होती. गेल्या वर्षी मागचे २० इंची टायर काढून २२ इंची घातले, कातळावर पोट घासू नये म्हणून. टायर दहा टक्क्यांनी मोठा म्हणजे प्रत्येक गिअर दहा टक्क्यांनी उंच. तेव्हापासून चढणीला ती दमत होती, आणि मी पेट्रोलला दोष देत होतो.

तर लहान तिघी पांढऱ्या, मोठी पिवळी. पण या वेळी एका दिवसात एकच बदल. आधी लहान पांढऱ्या घातल्या, मोठी जुनीच ठेवली. गाडी सरकत नाही, रिव्हर्स पडतो, उतारावर धरते. भाटीच्या वरची चढण सहा रिकाम्या क्रेटांनी आणि खताच्या एका पोत्याने चढलो, पूर्ण रेस, मीटर ४८०० वर येऊन अडकला. दुसऱ्या दिवशी मोठी पिवळी. तीच चढण, तेच पोतं, तोच मी: ५६००. आवाजातच फरक कळतो, घुसमटलेला घसा मोकळा झाल्यासारखा. उतारावरही फायदा झाला, कारण रेस सोडली की पुली चटकन खालच्या गिअरला येते आणि इंजिन जास्त जोरात धरून ठेवतं. सपाटीवरचा वेग थोडा कमी झाला असेल. आमच्याकडे सपाटी आहे ती सुपारी वाळवायच्या खळ्याएवढी, त्यामुळे मोजला नाही.

मेस्त म्हणाला रोलरही हलके घाल. व्हेरिएटरमध्ये सहा रोलर असतात, ते हलके केले की आरपीएम आणखी वर जातात. मी काढून बघितले, एकाचीही कड चपटी झालेली नव्हती, परत घातले. ५६०० ला माझी चढण चढते आहे, मग कशाला?

मे अखेरीस, हंगाम उरकल्यावर आणि पाऊस यायच्या आधी, कव्हर पुन्हा उघडलं. आरपीएम मीटर तासही मोजतो, त्यावर ३८ तास झाले होते. ड्रमचा आतला पट्टा राखाडी, निळा डाग नाही. तिन्ही स्प्रिंगांची वेटोळी एकमेकींना चिकटलेली, फट नाही. बेल्टची रुंदी १९.६. तळाशी काळी धूळ होती, ती तोंडाने फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली. कव्हरच्या खाली पाणी बाहेर जायला एक छोटं भोक असतं, ते वाळू आणि मातीने बुजलेलं. तारेने मोकळं केलं, कारण जूनमध्ये व्हाळ ओलांडताना पाणी आत गेलं की बेल्ट घसरतो आणि तेव्हा कुठलीच स्प्रिंग कामाला येत नाही. कव्हरचं गॅस्केट फाटलं होतं, नवीन घातलं. आई पायरीवर बसून बिया निवडत होती. लाल मोठी स्प्रिंग तिने मागून घेतली आहे, भाटीच्या दाराला लावायला. दार आता आपोआप बंद होतं, आणि फार जोरात बंद होतं.